शेकर चाचणीची पहिली पायरी: संरचनेचे नैसर्गिक मोड मोजण्यासाठी नवोदितांना मार्गदर्शन

कोल्हापूरच्या फौंड्रीत एसजी आयर्नच्या (गोळीदार ग्राफाइट असलेल्या ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगवर हातोडीचा हलका ठोका मारून त्याचा नाद ऐकण्याची पद्धत जुनी आहे. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात बसल्याची खात्री वाटते, आणि ग्रे आयर्नसारखा बसका आवाज आला की ते कास्टिंग बाजूला ठेवले जाते. हा ठोका मारणारा कारागीर प्रत्यक्षात दोन गोष्टी पारखत असतो. नादाचा स्वर म्हणजे त्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता, आणि नाद किती वेळ टिकतो हे तिच्या अवमंदनाचे, म्हणजे डॅम्पिंगचे, माप. शेकर म्हणजे वस्तूला हवे तसे कंपन देणारे यंत्र; त्याच्या चाचणीत याच दोन गोष्टी आकड्यांत मिळतात आणि त्यांच्या जोडीला तिसरी मिळते, जी कानाला कधीच कळत नाही: त्या वारंवारतेला वस्तूचा कोणता भाग किती आणि कोणत्या दिशेने हलतो, म्हणजेच मोडचा, कंपनाच्या त्या विशिष्ट ढंगाचा, आकार.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील कारखान्यांतून पंप, मशीन टूल आणि वाहनांचे सुटे भाग बाहेर पडतात, आणि त्या भागांची कंपने मोजून दाखवा अशी मागणी ग्राहकांकडून येऊ लागली की डिझाइन विभागातल्या एखाद्या तरुण अभियंत्याच्या हाती शेकर सोपवला जातो. हा लेख त्याच्यासाठी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सूचना तिच्यातूनच निघतात: या चाचणीचा बराचसा निकाल शेकरचे बटण दाबण्याआधीच ठरलेला असतो. वस्तू कशी टांगली, शेकर तिला कसा जोडला आणि बल कोठे मोजले, यांत चूक राहिली तर पुढचे कोणतेही सॉफ्टवेअर ती दुरुस्त करू शकत नाही.

नेमके काय मोजायचे

शेकर वस्तूला एका बिंदूवर ज्ञात बल देतो. आपण ते बल मोजतो, वस्तूवरच्या निरनिराळ्या बिंदूंवरचा प्रवेग मोजतो, आणि प्रत्येक वारंवारतेला प्रवेग भागिले बल हे गुणोत्तर काढतो. या गुणोत्तराच्या आलेखाला वारंवारता प्रतिसाद फलन म्हणतात. रोजच्या बोलण्यात सगळे त्याला एफआरएफ म्हणतात आणि पुढे मीही तेच म्हणेन. त्या आलेखातील टोके म्हणजे अनुनाद, टोकाची रुंदी म्हणजे अवमंदन, आणि वेगवेगळ्या बिंदूंवरील टोकांची उंची व चिन्ह मिळून मोडचा आकार तयार होतो.

येथे नवशिक्याने एक फरक पक्का लक्षात ठेवला पाहिजे. केवळ प्रवेगाच्या आलेखातील टोके पाहून नैसर्गिक वारंवारता ठरवू नये, कारण ती टोके वस्तू, जोडसळई आणि शेकरचे हलणारे आर्मेचर या तिघांच्या एकत्रित रचनेची असतात. बल जर वस्तूच्या अगदी अंगाशी मोजले असेल, तर भागाकार करताना शेकरचे वजन आणि त्याच्या आतल्या स्प्रिंगचा ताठरपणा आपोआप बाजूला पडतो आणि केवळ वस्तूचा गुणधर्म उरतो. म्हणूनच फोर्स सेन्सर नेहमी वस्तूच्या बाजूला बसवावा, शेकरच्या बाजूला बसवू नये.

सरावासाठी पट्टी निवडणे

पहिली चाचणी कास्टिंगवर करू नये. ज्याचे उत्तर आधी कागदावर काढता येते अशा वस्तूवर करावी, म्हणजे चूक कोठे झाली ते कळते. शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही लोखंडाच्या दुकानातून माइल्ड स्टीलची १ मीटर लांब, ५० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड पट्टी कापून आणावी. तिचे वजन सुमारे ४.७ किलो भरते. दोन्ही टोके मोकळी असलेल्या अशा पट्टीचे, जाडीच्या दिशेने वाकण्याचे पहिले तीन मोड गणिताने अंदाजे ६२, १७२ आणि ३३६ हर्ट्झ येतात. १० मिमी जाडीची पट्टी मुद्दामच सुचवत नाही, कारण तिचा पहिला मोड ५२ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि आपल्या वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीच्या इतक्या जवळचे टोक नवशिक्याला गोंधळात टाकते.

पट्टी घरी आणल्यावर व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजून लिहून ठेवावी. वाकण्याची वारंवारता जाडीच्या थेट प्रमाणात बदलते, त्यामुळे १२ म्हणून घेतलेली पट्टी प्रत्यक्षात ११.८ मिमी भरली तर ६२.३ ऐवजी ६१.२ हर्ट्झच्या आसपासचे उत्तर बरोबर असते. चाचणी चुकली असे समजून लोक अशा वेळी विनाकारण तासन्‌तास घालवतात.

टांगणी

पट्टी मोकळी असल्यासारखी वागावी म्हणून तिला मऊ आधारावर टांगावे लागते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या यासाठी उत्तम आणि स्वस्त. पट्टीची रुंद बाजू उभी राहील अशी तिला दोन ट्यूबमध्ये आडवी टांगावी, म्हणजे जाडीच्या दिशेचे कंपन क्षितिजसमांतर होते आणि ट्यूबचा ताण त्या कंपनाच्या आड येत नाही. ट्यूब दोन्ही टोकांपासून साधारण २२४ मिमी आत बांधाव्यात, कारण पहिल्या मोडमध्ये पट्टीचे हेच दोन बिंदू स्थिर असतात.

आधार पुरेसा मऊ आहे का, हे ठरवण्याचा प्रचलित नियम असा की टांगणीवर वस्तू एकसंध डोलण्याची वारंवारता पहिल्या खऱ्या मोडच्या दशांशापेक्षा कमी असावी. आपल्या पट्टीसाठी ही मर्यादा ६ हर्ट्झ होते. अर्धा मीटर लांबीच्या टांगणीवर पट्टी लंबकासारखी डोलते तेव्हा ती वारंवारता जेमतेम ०.७ हर्ट्झ असते, म्हणजे चाचणीच्या दिशेने कसलीच अडचण नाही. उभ्या दिशेचा अंदाज ट्यूब किती ताणली यावरून करता येतो: वजनाने ट्यूब २५ मिमी खाली आली तर उभी वारंवारता सुमारे ३ हर्ट्झ येते. रबर हलत असताना थोडे अधिक ताठ वागते, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून काहीसा जास्त धरावा.

टांगण्यासाठीची चौकट भक्कम हवी. चौकट स्वतःच ८० हर्ट्झला थरथरत असेल तर ते टोकही आलेखात डोकावेल. शेजारच्या शेडमध्ये मोल्डिंग मशीन किंवा पॉवर प्रेस चालू असेल तर जमिनीतून धक्के येतात. असे काम आठवडी सुटीच्या दिवशी किंवा शिफ्ट संपल्यावर करणे शहाणपणाचे.

शेकर जोडणे

साऱ्या चाचणीत सर्वाधिक वेळ येथे द्यावा. शेकर आणि फोर्स सेन्सर यांच्यामध्ये एक बारीक सळई असते, तिला स्टिंगर म्हणतात. ती लांबीच्या दिशेने ताठ आणि आडव्या दिशेने लवचिक हवी, म्हणजे शेकरचे बल सरळ रेषेत पोहोचते आणि वस्तू तिच्या इच्छेप्रमाणे आडवी किंवा तिरकी हलली तर शेकर तिला अडवत नाही. स्टिंगर जाड घेतला तर तो वस्तूवर बाजूचे बल आणि पीळ लादतो. फोर्स सेन्सर ते मोजत नाही आणि वारंवारता चुकीची येते. उलट बारीक स्टिंगर फार लांब घेतला तर तो स्वतःच कंपू लागतो. २ मिमी व्यासाची, १०० मिमी लांबीची पोलादी सळई दोन्ही टोकांना घट्ट धरली तर तिचा स्वतःचा पहिला मोड ९०० हर्ट्झच्या आसपास असतो. लांबी दुप्पट केली की तो चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे सुमारे २२५ हर्ट्झवर येतो आणि आपल्या मोजणीच्या पट्ट्यात घुसतो. आपल्या ४०० हर्ट्झपर्यंतच्या चाचणीसाठी १०० मिमी लांबी योग्य ठरते.

जोडण्याची जागाही विचार करून ठरवावी. पट्टीच्या मधोमध शेकर लावला तर दुसरा मोड अजिबात दिसणार नाही, कारण त्या मोडमध्ये मध्यबिंदू स्थिर असतो. तिसऱ्या मोडचा एक स्थिर बिंदू टोकापासून ९४ मिमीवर आहे, म्हणून तीही जागा टाळावी. टोकापासून ३० मिमी आत, रुंदीच्या मध्यरेषेवर शेकर लावला की तिन्ही मोड चांगले हलतात.

आता जोडणीचा क्रम. आधी फोर्स सेन्सर पट्टीवर बसवावा, शक्य असल्यास छिद्र पाडून व आटे काढून स्टडने, नाहीतर चपट्या धातूच्या चकतीला सुपरग्लू लावून. त्यानंतर शेकर स्टँडवर ठेवून त्याचा अक्ष सेन्सरच्या अक्षाशी डोळ्याने व गुण्याने जुळवावा. ज्या शेकरच्या आर्मेचरमध्ये आरपार छिद्र आणि पुढे कॉलेट (सळई आवळून धरणारी पकड) असतो, त्यात स्टिंगर मागून सरकवत आणावा, पुढचे टोक फोर्स सेन्सरच्या आट्यांत पूर्ण फिरवून बसवावे, आणि कॉलेट सर्वांत शेवटी आवळावा. कॉलेट सैल असताना स्टिंगर हाताने पुढेमागे सहज सरकला पाहिजे. तो कोठे अडकत असेल किंवा कॉलेट आवळताना पट्टी एका बाजूला सरकत असेल तर रेषा जुळलेली नाही. अशा वेळी स्टिंगर वाकवून बसवण्याचा मोह आवरावा आणि स्टँडच हलवावा. या एका सरळपणासाठी अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही, हे माझे ठाम मत आहे.

अॅम्प्लिफायरचा गेन चालू-बंद करताना नेहमी शून्यावर ठेवावा, कारण अचानक आलेल्या धक्क्याने आर्मेचर शेवटच्या टोकापर्यंत आदळू शकते. चालू असताना केबल काढू नये. अॅम्प्लिफायरवर व्होल्टेज आणि करंट असे दोन पर्याय निवडता येत असतील तर पुढे सांगितलेल्या चाचणीसाठी व्होल्टेजचा पर्याय घ्यावा. त्यात शेकरची कॉइल स्वतःच ब्रेकसारखे काम करते आणि सिग्नल थांबल्यावर कंपन लवकर विरते.

सेन्सर आणि त्यांची खातरजमा

नवीन प्रयोगशाळेत बहुधा चार चॅनेलचा अॅनालायझर असतो: एक बलासाठी आणि तीन प्रवेगासाठी. पट्टीवर ११ बिंदू आखावेत. पहिला व शेवटचा टोकांपासून ३० मिमी आत आणि मधले ९४ मिमीच्या अंतराने. पहिला बिंदू म्हणजे शेकरची जागा. तेथे फोर्स सेन्सर एका अंगाला असतो, म्हणून अॅक्सेलरोमीटर (प्रवेग मोजणारा सेन्सर) पट्टीच्या पलीकडच्या अंगाला, बरोबर त्याच्या पाठीमागे चिकटवावा आणि तो शेवटपर्यंत तेथेच ठेवावा. उरलेले दोन अॅक्सेलरोमीटर दहा बिंदूंवर जोडीजोडीने फिरवत पाच फेऱ्या घ्याव्यात.

चिकटवण्यासाठी पातळ थरात मेण चालते, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ते मऊ पडते आणि सेन्सर सरकतो; त्या दिवसांत सुपरग्लू बरा. पावसाळ्यात कोल्हापूरच्या दमट हवेत चार्ज प्रकारच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये ओल शिरली की सिग्नल खालच्या वारंवारतेला वाहवत जातो, म्हणून कनेक्टर स्पिरिटने पुसून कोरडे करावेत. आयईपीई प्रकारच्या, म्हणजे आतच छोटे अॅम्प्लिफायर असलेल्या, सेन्सरला हा त्रास कमी होतो आणि नवशिक्याने शक्यतो तोच घ्यावा. केबल पट्टीवर चिकटपट्टीने पहिल्या काही सेंटिमीटरपर्यंत धरून ठेवावी, कारण लोंबती केबल सेन्सरला ओढत राहते.

सेन्सरचे वजन क्षुल्लक वाटते, पण त्याचा हिशेब करून पाहावा. पट्टीच्या अगदी टोकाला १० ग्रॅमचा एक अॅक्सेलरोमीटर लावला की पहिली वारंवारता सुमारे ०.४ टक्के, म्हणजे पाव हर्ट्झ उतरते. ही घट बेताची असली, तरी सेन्सर फिरवताना ती दर फेरीला बदलते आणि एकाच मोडचे टोक दर फेरीत थोडे वेगळ्या जागी येते. त्यावर सोपा उपाय असा की ज्या बिंदूंवर त्या फेरीत सेन्सर नाही तेथे तेवढ्याच वजनाचे नट चिकटवून ठेवावेत. मग वारंवारता सगळ्या फेऱ्यांत सारखीच थोडी खाली राहते आणि तिची दुरुस्ती शेवटी एकदाच करता येते.

मोजणीची साखळी बरोबर आहे की नाही हे पाहण्याचा एक फार सुंदर मार्ग आहे आणि तो कधीही चुकवू नये. तराजूचे ५ किलोचे लोखंडी वजन दोरीने टांगावे, एका बाजूने फोर्स सेन्सरसह शेकर आणि पलीकडे अॅक्सेलरोमीटर त्याच रेषेत लावावा, आणि एफआरएफ घ्यावे. अखंड वजनासाठी प्रवेग भागिले बल म्हणजे एक भागिले वस्तुमान. आलेख सर्व वारंवारतांना ०.२ वर सपाट आडवी रेषा दिसला पाहिजे. रेषा ०.२ ऐवजी ०.२३ वर असेल तर कोठेतरी संवेदनशीलतेचा आकडा चुकीचा भरला आहे. रेषा सपाट नसेल तर जोडणी सैल आहे. येथे सेन्सर परस्परांच्या विरुद्ध अंगांना असल्याने अॅक्सेलरोमीटरची दिशा उलटी असते, म्हणून सॉफ्टवेअरमध्ये त्याला ऋण चिन्ह द्यावे लागते. ते विसरले तर पुढे पट्टीच्या मोडआकारात पहिला बिंदू शेजारच्या बिंदूच्या विरुद्ध दिशेने उडी मारताना दिसतो.

सिग्नल आणि सेटिंग

पट्टी साध्या पोलादाची असल्याने तिचे अवमंदन अत्यंत कमी, ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी असते, आणि नवशिक्याची सेटिंग बहुतेक वेळा येथेच चुकते. हिशेब पाहू. ६२ हर्ट्झला ०.१ टक्का अवमंदन असेल तर टोकाची अर्धशक्ती रुंदी (कमाल उंचीच्या ०.७०७ पटीवरची) त्यांच्या गुणाकाराच्या दुप्पट, म्हणजे अवघी ०.१२ हर्ट्झ भरते. मोजणीचा प्रत्येक ब्लॉक २ सेकंदांचा घेतला तर आलेखातले दोन बिंदू अर्ध्या हर्ट्झच्या अंतरावर पडतात, आणि असे टोक त्यांच्यामधून निसटून जाते. दुसरे असे की एकटी पट्टी हलवून सोडली तर तिचे कंपन एक टक्क्यावर उतरायला सुमारे १२ सेकंद लागतात. ब्लॉक त्याआधी संपला तर उरलेले कंपन पुढच्या ब्लॉकमध्ये सांडते आणि लीकेज होते, म्हणजे टोक शेजारच्या वारंवारतांत पसरते.

म्हणून सॅम्पलिंग दर १०२४ हर्ट्झ, ब्लॉक १६ सेकंदांचा, आणि त्यामुळे ०.०६ हर्ट्झ इतके बारीक विभाजन ठेवावे. उपयोगी पट्टा ४०० हर्ट्झपर्यंत मिळतो आणि आपले तिन्ही मोड त्यात बसतात. सिग्नल म्हणून बर्स्ट रँडम घ्यावा, म्हणजे ब्लॉकच्या आरंभी काही वेळ गोंगाटासारखा सिग्नल जातो आणि मग शेकर गप्प बसतो. सर्वसाधारण वस्तूसाठी हा सिग्नल ब्लॉकच्या ६० ते ८० टक्के ठेवतात, पण आपल्या पट्टीसाठी तो पहिल्या ४ सेकंदांतच संपवावा आणि उरलेले १२ सेकंद कंपन विरण्यासाठी द्यावेत. प्रत्यक्षात शेकर जोडलेला असल्याने ते याहून लवकर विरते. असे केले की विंडो, म्हणजे ब्लॉकची दोन्ही टोके शून्यावर आणणारा गणिती गुणक, लावण्याची गरज उरत नाही. अखंड रँडम सिग्नल वापरला तर हॅनिंग विंडो लावावीच लागते, आणि तिच्यामुळे अवमंदन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. पोलादी पट्टीच्या बाबतीत हा फरक मोठा असतो.

बल काही न्यूटन पुरेसे आहे. छोटा मोडल शेकर ५० ते १०० न्यूटन देऊ शकतो म्हणून तेवढे द्यावे असे नाही. २० सरासऱ्या घेतल्या तर एक फेरी साधारण साडेपाच मिनिटांत आणि पाच फेऱ्या अर्ध्या तासाच्या आत पूर्ण होतात.

आलेखावर शंका घेणे

पहिला आलेख पडद्यावर आला की तो जपून ठेवण्याची घाई होते. त्याऐवजी आधी बलाचा आलेख पाहावा. प्रत्येक अनुनादापाशी तो खड्ड्यासारखा खचलेला दिसेल, कारण त्या वारंवारतेला पट्टी इतक्या सहज हलते की शेकरला तिच्यावर दाब टिकवता येत नाही. हे स्वाभाविक आहे, पण खड्डा इतका खोल असेल की बल गोंगाटात बुडाले, तर तेथे एफआरएफ काढण्याची नेहमीची एच-१ पद्धत, जी बलाच्या मोजणीत गोंगाट नाही असे धरते, टोकाची उंची कमी दाखवते. बलाच्या मोजणीतील गोंगाटाचा परिणाम एच-२ पद्धतीवर होत नाही, म्हणून टोकांपाशी दोन्ही तुलनेसाठी पाहाव्यात; त्या एकमेकींपासून फार दूर असतील तर बल थोडे वाढवून पुन्हा मोजावे.

त्यानंतर कोहेरन्स, म्हणजे मोजलेला प्रतिसाद मोजलेल्या बलामुळेच किती आला याचे माप. तो शून्य ते एक या दरम्यान असतो आणि चांगल्या मोजणीत एकाच्या जवळ राहतो. टोकांच्या मधल्या दऱ्यांमध्ये तो उतरला तर घाबरू नये, कारण तेथे प्रतिसादच अगदी थोडा असतो. टोकावर उतरला तर मात्र थांबावे: एकतर लीकेज आहे, नाहीतर काहीतरी सैल खडखडते आहे.

शेकरच्या जागेवरच्या एफआरएफची वेगळी पारख असते. त्यात प्रत्येक दोन अनुनादांमध्ये एक दरी असलीच पाहिजे आणि काल्पनिक (इमॅजिनरी) भागातली सगळी टोके एकाच बाजूला असली पाहिजेत. तसे नसेल तर दोन सेन्सर एका रेषेत नाहीत किंवा चिन्हाची चूक आहे. पुढे बल दुप्पट करून पुन्हा एफआरएफ घ्यावे. रचना रेषीय असेल तर दोन्ही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसतात. शेवटी शेकर व सेन्सरच्या जागा अदलाबदल करून दोन बिंदूंमधले एफआरएफ दोन्ही दिशांनी सारखे येते का ते पाहावे. हे काम जिकिरीचे आहे, पण हाताशी इम्पॅक्ट हॅमर (तोंडाशी फोर्स सेन्सर असलेली हातोडी) असेल तर हॅमरच्या ठोक्याने ते चटकन होते. खरे तर मोजणीच्या पूर्वतयारीतही दहा मिनिटे हॅमरने ठोकून मोड कोठे आहेत हे चाचपून घेणे फार उपयोगी पडते.

२५७ हर्ट्झच्या आसपास एखादे बारीक टोक दिसले तर ते पट्टीच्या रुंदीच्या दिशेने वाकण्याचे आहे. आपले सेन्सर आडव्या दिशेने लावलेले असल्याने तो मोड त्यांना दिसू नये, पण कोणताही अॅक्सेलरोमीटर आडवळणाचे कंपन थोडेफार पकडतोच. कास्टिंगवर काम करताना ही गोष्ट आठवावी: ज्या दिशेने मोजले नाही त्या दिशेचा मोड एकतर निसटतो, नाहीतर असा चोरपावलांनी डोकावतो.

मोड काढणे

आकडे काढण्याची पहिली ओळख हाताने करून घ्यावी. टोकाची कमाल उंची घ्यावी, तिच्या ०.७०७ पटीवर आडवी रेषा मारावी आणि ती जेथे छेदते त्या दोन वारंवारतांमधला फरक मध्य वारंवारतेच्या दुपटीने भागावा, हेच अवमंदन. नंतर सॉफ्टवेअरने कर्व्ह फिटिंग करून स्टॅबिलायझेशन आलेख पाहावा. गणिती मॉडेलची पायरी वाढवत नेली तरी जी वारंवारता जागची हलत नाही तीच खरी. जी येते-जाते ती गोंगाटाची.

मिळालेले आकार परस्परांहून वेगळे आहेत का हे तपासण्यासाठी मॅक (मोडल अॅश्युरन्स क्रायटेरियन) हा निकष वापरतात. तो अॅलमँग आणि ब्राउन यांनी १९८२ मध्ये मांडला. दोन आकार सारखे असतील तर १ आणि अगदी भिन्न असतील तर शून्याच्या जवळ, अशी त्याची मांडणी आहे. आपल्या पट्टीचे तीन मोड एकमेकांशी ताडून पाहिले तर तक्त्याच्या तिरक्या रेषेवर १ आणि इतरत्र लहान आकडे यायला हवेत. पहिल्या व तिसऱ्या मोडमधला आकडा मोठा आला तर बिंदू पुरेसे नाहीत, किंवा एखादा बिंदू चुकीच्या क्रमांकाने भरला आहे. दुसरे कारणच अधिक वेळा सापडते.

पट्टीकडून कास्टिंगकडे

पट्टीचे उत्तर जुळल्यावर पंपाची केसिंग, गिअरबॉक्सचे घर किंवा लेथचा बेड घ्यायला हरकत नाही, मात्र काही गोष्टी बदलतात. सुटे कास्टिंग टांगताना आतल्या खाचांत कोअरची वाळू उरलेली नाही याची खात्री करावी. ती आत हलत राहिली की अवमंदन फुगते आणि कोहेरन्स बिघडतो. आकार गुंतागुंतीचा असल्याने शेकर सरळ न लावता एखाद्या कोपऱ्यावर तिरका लावावा, म्हणजे एकाच जागेवरून तिन्ही दिशांचे मोड हलतात. एका जागेवरून सगळे मोड हलत नसतील तर दुसरी जागा घेऊन चाचणी पुन्हा करावी.

बोल्टने जोडलेल्या रचनेत अवमंदन साधारण एक-दोन टक्क्यांच्या घरात जाते. तेव्हा १६ सेकंदांच्या ब्लॉकची गरज राहत नाही, ४ सेकंद पुरतात. पण तेथे रेषीयपणा संशयास्पद होतो: बल वाढवले की सांध्यांमधले घर्षण सरकते आणि वारंवारता किंचित खाली येते. अशा वेळी कोणत्या बलाला मोजले हे लिहिल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही, आणि बोल्ट टॉर्क रेंचने आवळून ते टॉर्कही नोंदवावे लागतात. फाउंडेशनवर बसवलेले मशीन टांगता येत नाही. तेव्हा उलट शेकरच ट्यूबवर टांगावा आणि कमी वारंवारतेला बल मिळावे म्हणून त्याच्या बॉडीला लोखंडी प्लेट बांधून त्याचे वजन वाढवावे. पायाचा ताठरपणाही मोडमध्ये सामील होतो, म्हणून तेच मशीन दुसऱ्या शेडमध्ये वेगळे आकडे देईल.

नोंदवहीत वस्तूचे वजन, टांगणीचा फोटो, स्टिंगरची लांबी व व्यास, सेन्सरचे क्रमांक व संवेदनशीलता, बिंदूंचे माप, बलाची पातळी, ब्लॉकची लांबी आणि त्या दिवसाचे तापमान असावे. हे सगळे लिहिले तर संगणकावरच्या एफईएम (फायनाइट एलिमेंट) मॉडेलशी तुलना करताना फरकाचे कारण शोधता येते. कास्टिंगच्या बाबतीत हा फरक बहुतेक वेळा ताठरपणाच्या गुणांकात (यंग्ज मॉड्युलसमध्ये) सापडतो. ग्रे आयर्नचा हा गुणांक साधारण १०० ते १३० आणि एसजी आयर्नचा १६५ ते १७५ गिगापास्कल या पट्ट्यात असतो, पण मॉडेलमध्ये पुस्तकातला एकच आकडा भरलेला असतो. वारंवारता गुणांकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, म्हणजे गुणांकात ५ टक्के चूक असेल तर सर्व मोड सुमारे अडीच टक्क्यांनी सरकलेले दिसतील. सगळे मोड सारख्याच टक्क्यांनी सरकलेले असतील तर पदार्थाचा गुणांक बदलावा. एखादाच मोड वेगळा वागत असेल तर त्या मोडमध्ये सर्वाधिक वाकणाऱ्या भागाची भिंतीची जाडी कास्टिंगवर प्रत्यक्ष मोजावी.